त्सुकिजी अजून आहे की!
टोकियोतला त्सुकिजी हा जुना मासळीबाजार ‘बंद झाला, थेट तोयोसूच्या नव्या बाजारात जा’ असं काही जण सांगतात, ते अर्धंच बरोबर. २०१८च्या ऑक्टोबरात घाऊक मासळीबाजार आणि ट्यूनाचे लिलाव तिकडे हलले. पण त्सुकिजीच्या बाहेरच्या बाजाराच्या, म्हणजे खाण्यापिण्याच्या दुकानांच्या, गल्ल्या जागच्या जागी आहेत. खायलाच जायचं तर मी त्सुकिजीच म्हणेन, तोयोसू म्हणजे नुसत्या काचबंद इमारती. फक्त सकाळी जा, दुपारी दोनपर्यंत बहुतेक दुकानं आवरतात. रविवारी आणि बऱ्याच बुधवारीही शुकशुकाट.

अंडं चालतं पण मासे नकोत अशांनी तिथल्या गोडसर तामागोयाकीपासूनही (गुंडाळलेलं जपानी ऑम्लेट) जपून, त्यात बहुधा दाशी, म्हणजे माशाचं सार, असतं. पोट भरलं की चालत हामारिक्यू बागेत जा. तळ्याकाठच्या चहाघरात माच्चा (हिरव्या चहाच्या पुडीचा चहा) मिळतो आणि बागेच्याच धक्क्यावरून सुमिदा नदीतून शहराच्या आसाकुसा भागात बोट जाते. मेट्रोपेक्षा महाग, पण मजा त्यातच.