मदत हवी आहे: केरो लोकांची उपचारपद्धती शिकायची आहे, कुणाकडे जावं?

नमस्कार मंडळी,

येत्या ऑगस्टात पेरूला जायचं घाटतंय. पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, नैवेद्य देण्याचा तो महिना, म्हणून मुद्दाम ऑगस्ट. मी फिजिओथेरपिस्ट आहे. कुस्कोच्या पूर्वेला पाउकारताम्बोच्या डोंगरांत राहणारे केरो लोक आजाऱ्याला कसं बरं करतात, ते शिकायची इच्छा आहे.

वाचून इतकं कळलं: त्यांच्या उपचारकाला पाको म्हणतात. पाम्पामिसायोक पाको नैवेद्य मांडतात, शरीरातला जडपणा, 'हुचा', काढून जमिनीला देतात. आल्तोमिसायोक त्यांच्या वरचे. ते थेट आपूंशी, म्हणजे डोंगरदेवांशी, बोलतात. त्यासाठी परंपरेनं अंगावर वीज पडून वाचावं लागतं! इकडे ऑनलाइन मात्र दोन दिवसांत दीक्षा मिळते, प्रमाणपत्रासकट, डॉलरमध्ये. वीज कितव्या सत्रात पाडतात ते माहितीपत्रकात नाही.

तर खरा शिकवणारा ओळखायचा कसा? बाहेरच्याला शिकवतात तरी का? शिवाय मी शाकाहारी आहे आणि नैवेद्यात लामा या प्राण्याची चरबी असते म्हणे. कुणाला अनुभव?

रानवाटा:
शिकवतात, पण शिकवणी लावल्यासारखं नाही. तिथला सगळा व्यवहार 'आय्नी'वर चालतो, आपल्याकडच्या इर्जिकीसारखा: आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. डोंगराशीही तेच नातं. पैसे मोजले, विद्या घेतली, निघालो, हे त्यात बसत नाही.

पाकोचं गाव कोणतं, त्याला कुणी शिकवलं, गावकरी स्वतः त्याच्याकडे जातात का, एवढं विचारा. कार्यक्रमात आयाहुआस्का, म्हणजे भास घडवणारं पेय, दिसलं तर सरळ उठा. ते अ‍ॅमेझॉनच्या जंगलातलं, केरोंचं नव्हे. पर्यटकांसाठी केलेली मिसळ आहे ती. आणि आधी थोडी केचुआ, म्हणजे त्यांची भाषा, शिका. म्हाताऱ्या पाकोंपुढे नुसत्या स्पॅनिशवर भागत नाही.

चरबीचं म्हणाल तर असतेच. कोकाची पानं, बिया, मिठाई, सगळं कागदावर मांडून शेवटी जाळतात. आपलं सोवळं-ओवळं तिथे आणू नये. पटत नसेल तर लांब बसून बघा.

घाटमाथा:
कोकावरून आठवलं. तीन पानं जुळवून त्यांवर फुंकर घालत आपूंना आवाहन करतात, त्याला किंतू म्हणतात. पेरूत पानं उघड बाजारात मिळतात. भारतात मात्र कोकाचं पान १९८५च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतं. कोकाच्या चहाची पाकिटंसुद्धा आणू नका. विमानतळावर 'पूजेचं सामान' म्हणून कुणी ऐकणार नाही. कुस्को ३,४०० मीटरवर आहे, केरोंच्या वाड्या त्याहून वर. आधी काही दिवस शहरातच काढा.

ओवी:
तुमचा पेशा बघता बोलिव्हियातले काल्लावाया जास्त जवळचे वाटतील. ला पाझच्या उत्तरेला, चारासानीकडे. ते वनौषधींचे मोठे जाणकार, पूर्वीपासून गावोगाव फिरून औषध देणारे. २००८पासून युनेस्कोच्या यादीत त्यांचं नाव आहे. पण विद्या बहुतेक घरातच, बापाकडून मुलाकडे जाते. बायका सुईणपण करतात.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. ऑनलाइन दीक्षेचा विषय बाद. काल्लावायांबद्दल वाचते. रानवाटा, केचुआ कुठून शिकलात? कुस्कोकडची आणि बोलिव्हियातली यांत फार फरक आहे का?