बिलाच्या दिवशी सर्व्हर अडकतो, सीपीयू मात्र शांत (जावा, टॉमकॅट, पोस्टग्रेस)

पंचगंगा_जावा

नमस्कार मंडळी. आमचं सॉफ्टवेअर गावोगावच्या दूध संस्था वापरतात. सकाळ-संध्याकाळचं संकलन, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटखेरीज घन पदार्थ), आणि दर दहा दिवसांनी उत्पादकांचं बिल. १, ११ आणि २१ तारखेला सकाळी दहाच्या सुमारास सगळे सचिव आपापल्या संस्थेतून 'बिल तयार करा' हे बटण दाबतात आणि अडचण तिथूनच सुरू होते.

बटण दाबलं की पान फिरत राहतं, बिल येत नाही. सुरुवातीला बाकी सगळं चालू असतं: लॉगिन होतं, जुने रिपोर्ट निघतात. मग सचिव पान रिफ्रेश करतात, पुन्हा बटण दाबतात, आणि अर्ध्या-पाऊण तासात अख्खी साइट बंद पडते. लॉगिनचं पानसुद्धा उघडत नाही.

सीपीयू दोन-तीन टक्के. मेमरी भरपूर शिल्लक. लॉगमध्ये एकही एरर नाही. 'बिल सुरू' ही ओळ दिसते, 'बिल पूर्ण' ही येतच नाही. रीस्टार्ट केला की गाडी सुरू, पण रांगेतली बिलं गेली ती गेलीच, प्रत्येक सचिवाला फोन करून पुन्हा बटण दाबायला सांगावं लागतं.

सेटअप: जावा १७, स्प्रिंग बूट, टॉमकॅट या वेब सर्व्हरचे डीफॉल्ट २०० थ्रेड (एका वेळी एकेक काम चालवणारे धागे). बिलांसाठी वेगळा एक्झिक्युटर (कामं रांगेत लावून थ्रेडांना वाटणारा) आहे, कोअर साइझ (कायमचे थ्रेड) ८, रांगेला मर्यादा नाही. डेटाबेसची कनेक्शन वाटणारा हिकारी पूल २० कनेक्शनचा. डेटाबेस पोस्टग्रेस १४. एक्झिक्युटरची मॅक्स साइझ (जास्तीत जास्त थ्रेड) ५० करून पाहिली, काडीचाही फरक पडला नाही. मधल्या काळात बऱ्याच नवीन संस्था जोडल्या गेल्या. तेव्हापासून बिलं आधी हळू झाली आणि आता ही अशी अडकायला लागली. परवा पुन्हा बिलाचा दिवस आहे. नेमकं बघू काय?

रात्रपाळी_डीबीए

मला हा डेटाबेसचा मामला वाटतो. सर्व्हर अडकलेला असतानाच चालू सेशन्सची यादी, म्हणजे पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी बघा. 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (डेटाबेसचा व्यवहार उघडा, पण काम काही चालू नाही) स्टेटमधली सेशन्स किती आहेत ते मोजा. पीजी_ब्लॉकिंग_पिड्स हे फंक्शन पोस्टग्रेस ९.६ पासून आहे, कोण कोणाला अडवतंय ते त्यात थेट दिसतं. कुणीतरी ट्रान्झॅक्शन उघडून बसलं असणार आणि बाकीचे त्याच्या लॉकची (त्याने अडवून ठेवलेल्या नोंदी सुटण्याची) वाट बघत असणार. आयडल इन ट्रान्झॅक्शनचा सेशन टाइमआउट लावून टाका, पाच मिनिटांचा. सुटेल.

पंचगंगा_जावा

धन्यवाद दादा. टेस्ट सर्व्हरवर एकदम बरीच बिलं सोडून तसंच अडकवलं आणि पाहिलं. 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' सेशन्स बरोबर ८ आहेत. पण ब्लॉकिंग पिड्स सगळीकडे रिकामे. वेट इव्हेंटच्या कॉलममध्ये 'क्लायंटरीड' लिहिलंय. म्हणजे काय?

सह्याद्री_थ्रेड्स

थांबा, टाइमआउट लावायच्या आधी हा 'क्लायंटरीड' नीट वाचा. डेटाबेस सांगतोय की माझ्याकडे काहीच काम नाही, पुढची क्वेरी तुम्ही पाठवाल म्हणून मी बसलोय. लॉकसाठी कुणी थांबलेलं असतं तर तिथे लॉकचा प्रकार दिसला असता आणि ब्लॉकिंग पिड्स रिकामे आले नसते. तेव्हा अडकलंय ते अ‍ॅप्लिकेशनमध्ये.

आणि ८ हा आकडा बघा. तुमच्या एक्झिक्युटरचे थ्रेडही ८ आहेत. हा योगायोग नसावा असं मला ठामपणे वाटतंय.

टेस्ट सर्व्हर अजून अडकलेल्या अवस्थेत असेल तर कृपया रीस्टार्ट करू नका. जेस्टॅक या जावाच्या साधनाने थ्रेड डंप (प्रत्येक थ्रेड कोणत्या ओळीवर आहे त्याची नोंद) काढा, दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन. जेस्टॅक नसेल तर प्रोसेसला किल -३ द्या. त्याने प्रोसेस मरत नाही, डंप लॉगमध्ये छापला जातो. तीन अशासाठी की एका डंपमध्ये दिसलेला थ्रेड नुसता हळू चाललाय की खरंच थांबलाय ते कळत नाही. तिन्हींमध्ये तो त्याच ओळीवर दिसला तर अडकलाय. मग त्या आठ थ्रेडांचे स्टॅक इथे टाका, आणि बिलाचं काम एक्झिक्युटरला जिथून देता तो कोड थोडक्यात सांगा.

पंचगंगा_जावा

ताई, तिन्ही डंपमध्ये आठही थ्रेड सारखेच. एक देतो, बाकीचे सात हुबेहूब:

बिल-एक्झिक-३, स्टेट: वेटिंग, पार्किंग
अनसेफ.पार्क
लॉकसपोर्ट.पार्क
फ्युचरटास्क.अवेटडन
फ्युचरटास्क.गेट
संस्थाबिल.हिशेबकर

डंपच्या शेवटी डेडलॉक (एकमेकांची वाट बघत कायमचं अडकणं) सापडल्याची ओळ नाही. कोड असा आहे: एका संस्थेचं बिल म्हणजे एक काम. ते काम ट्रान्झॅक्शन उघडतं, संस्थेची नोंद वाचतं, मग प्रत्येक उत्पादकाचा हिशेब समांतर व्हावा म्हणून तेवढी छोटी कामं एक्झिक्युटरला देतं. सगळ्यांची उत्तरं गेटने (उत्तर येईपर्यंत थ्रेडला थांबवून ठेवणारा कॉल) गोळा झाली की बेरीज करून बिल सेव्ह. एक्झिक्युटर एकच आहे, मोठ्या आणि छोट्या दोन्ही कामांना. वेब रिक्वेस्टही बिल होईपर्यंत थांबून राहते.

सह्याद्री_थ्रेड्स

सापडलं. पूर्ण लिहिते, कारण हा प्रकार बँकेच्या व्याज आकारणीत, पगाराच्या रनमध्ये, एसएमएस पाठवण्यात सगळीकडे भेटतो आणि दर वेळी लोक डेटाबेसवाल्याच्या मागे लागतात.

दहा वाजता आठ सचिवांनी जवळजवळ एकदम बटण दाबलं. आठ मोठी कामं आठ थ्रेडांवर बसली. प्रत्येकाने आपली छोटी कामं रांगेत टाकली आणि उत्तरासाठी गेटवर थांबलं. आता ती छोटी कामं करायला थ्रेड कुठून येणार? आठही थ्रेड वाट बघण्यात गुंतलेत. एखाद्या कचेरीतले आठही कारकून आपापला अर्ज आपल्याच खिडकीच्या रांगेत लावून बाकावर बसले, तर खिडकीमागे उरलं कोण? थ्रेड सुटायला छोटी कामं व्हायला हवीत आणि छोटी कामं व्हायला थ्रेड सुटायला हवेत. सीपीयू शांत आहे तो याचमुळे. कुणी कामच करत नाहीये.

डंपमध्ये डेडलॉकची ओळ का नाही, याने भले भले फसतात. जेस्टॅक शोधतो ती जावातल्या लॉकची साखळी: सिंक्रोनाइज्डची किंवा रीएन्ट्रंट लॉकची. त्या लॉकला मालक असतो, म्हणून साखळी जोडता येते. फ्युचरला (पुढे येणाऱ्या उत्तराच्या पावतीला) मालक नसतो, ते पुढे कोण पूर्ण करणार हे जेव्हीएमला (जावा चालवणाऱ्या यंत्रणेला) माहीत नाही. त्यामुळे डंपमध्ये डेडलॉक लिहिलेला नाही म्हणजे डेडलॉक नाही, असं कधीच धरू नका.

बिलं आधी हळू झाली, हे तुम्ही लिहिलंत ते फार उपयोगाचं. एका वेळी सात संस्थांची बिलं चालू असायची तेव्हा सात थ्रेड वाट बघत बसायचे आणि उरलेला एकटा थ्रेड सातही संस्थांच्या सगळ्या उत्पादकांचे हिशेब ओढायचा. हळू, पण पूर्ण व्हायचं. संस्था वाढल्या, आठवा सचिव त्याच मिनिटात आला आणि तो एकटा थ्रेडही गेला.

मॅक्स ५० करून फरक का पडला नाही? थ्रेडपूल एक्झिक्युटर कोअरच्या वर नवीन थ्रेड तयार करतो तो रांग भरल्यावरच. तुमच्या रांगेला मर्यादा नाही, म्हणजे ती कधी भरतच नाही आणि मॅक्सचा आकडा कुणी वाचतच नाही. कोअर ५० केली असती तर फरक दिसला असता, पण मग पन्नासावी संस्था येईपर्यंतच. शिवाय त्याच्या आत हिकारीची २० कनेक्शन संपली असती, आणि लॉगमध्ये ३० सेकंदांनंतर 'कनेक्शन उपलब्ध नाही' असा अपवाद दिसायला लागला असता. आज तो दिसत नाही, म्हणून कनेक्शन पूल आत्ता दोषी नाही हेही कळतं.

अख्खी साइट का बसते तेही यातच आहे. अडकलेल्या प्रत्येक बिलामागे टॉमकॅटचा एक थ्रेड थांबलेला असतो. सचिवाने रिफ्रेश केलं तरी जुना सुटत नाही, नवीन एक अडकतो. तसे २०० भरले की लॉगिनला थ्रेड उरत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते, कारण हे दुपारभर तसंच राहिलं तर संध्याकाळच्या संकलनाच्या वेळी गवळी काट्यावर उभा आणि नोंद होत नाही.

आता दुरुस्ती. परवापुरतं सगळ्यात कमी धोक्याचं: छोटी कामं एक्झिक्युटरला देऊच नका. एका संस्थेच्या उत्पादकांचा हिशेब म्हणजे थोडे गुणाकार आणि काही क्वेरी, तो साध्या लूपमध्ये त्याच थ्रेडवर करा. आठ संस्था समांतर चालतायत तेवढं पुरेसं आहे. खरंच समांतर हवं असेल तर छोट्या कामांना दुसरा, वेगळा पूल द्या. त्या पुलातलं काम पुन्हा कशाची वाट बघणार नाही, एवढं मात्र पाळा.

गेटला वेळेची मर्यादा घाला, दोन मिनिटं म्हणा. वेळ संपली की कॅन्सल करा आणि लॉगमध्ये संस्थेचा कोड छापा. आजचा तुमचा लॉग कोरा आहे तो या एका गोष्टीमुळे. आणि उत्तराची वाट बघताना ट्रान्झॅक्शन उघडं ठेवू नका. वाचा, बंद करा, हिशेब करा, मग लिहायला नवीन उघडा.

रात्रपाळी_डीबीए, तुम्ही सुचवलेला टाइमआउट चांगलाच आहे, कायमचा लावावा. पण इथे त्याने थ्रेड सुटले नसते. पोस्टग्रेसने सेशन तोडलं तरी जावाचा थ्रेड फ्युचरवर पार्क आहे, त्याला ते कळणारही नाही.

एक आणीबाणीचा उपाय. परवा दुरुस्ती वर जायच्या आधीच अडकलं, तर चालू असलेल्या एक्झिक्युटरची कोअर साइझ सेट-कोअर-पूल-साइझने वाढवता येते. रांगेत काम असेल तर तो लगेच नवीन थ्रेड उभे करतो आणि अडकलेली बिलं रीस्टार्ट न करता पुढे सरकतात. फक्त एवढ्यासाठी एक छोटा अ‍ॅडमिन एंडपॉइंट (सर्व्हरला हुकूम द्यायचा पत्ता) आजच लिहून ठेवा. हिकारीच्या २० च्या आत राहा, म्हणजे ८ वरून १२-१४.

रात्रपाळी_डीबीए

पटलं. क्लायंटरीडकडे मी इतकं बारकाईने कधी पाहिलं नव्हतं.

नवा_कोरा_जेडीके

सरळ जावा २१ वर जाऊन व्हर्च्युअल थ्रेड (जेव्हीएमने स्वतः सांभाळलेले हलके थ्रेड) घेतले तर? मग पूलच नको आणि ही भानगडच नाही.

सह्याद्री_थ्रेड्स

हा विशिष्ट प्रकार जाईल, बरोबर. व्हर्च्युअल थ्रेड पुलात ठेवायचे नसतात, वाट बघणारा थ्रेड स्वस्त असतो. पण कनेक्शन २० च राहतात, तिथली रांग राहतेच. आणि अडकणं दुसऱ्या रूपात येऊ शकतं. नेटफ्लिक्सच्या इंजिनिअरांनी जुलै २०२४ मध्ये असंच एक प्रकरण सविस्तर लिहिलं: जावा २१, स्प्रिंग बूट ३, टॉमकॅट, चार व्हीसीपीयूची (आभासी सीपीयूची) मशीन. सर्व्हर थांबले, क्लोज-वेटमधली (समोरच्याने बंद केलेली, इकडे अजून न मिटलेली) सॉकेट वाढत गेली आणि साध्या जेस्टॅकमध्ये जेव्हीएम रिकामा बसल्यासारखा दिसत होता. सिंक्रोनाइज्ड ब्लॉकच्या आत थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड आपला खालचा प्लॅटफॉर्म थ्रेड सोडत नव्हता. असे चारही प्लॅटफॉर्म थ्रेड गुंतले आणि ज्याला लॉकची पाळी मिळणार होती त्याला चालायला जागाच उरली नाही. व्हर्च्युअल थ्रेड बघायचे तर जेसीएमडी या साधनाचा थ्रेड-डंप-टू-फाइल वापरावा लागतो. सिंक्रोनाइज्डची ही अडचण जेडीके २४ मध्ये, मार्च २०२५ ला, बहुतांशी सुटली. तेव्हा गेलात तर २१ वर न थांबता २४ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर जा. पण परवाच्या बिलासाठी जेडीके बदलू नका.

पंचगंगा_जावा

लूप केला, गेट काढला, एंडपॉइंटही ठेवला. आज बिलाचा दिवस होता. दहाच्या गर्दीत एक संस्था काही सेकंदांत मोकळी होत होती आणि आठही थ्रेड रनेबल (चालू) किंवा डेटाबेसकडून वाचताना दिसले, गेटवर एकही नाही. एंडपॉइंटला हात लावावा लागला नाही. ताई, मनापासून आभार.

एक उरलंय. सवयीने काही सचिव अजून दोनदा बटण दाबतात. एका संस्थेचं एकाच कालावधीचं बिल दोनदा तयार झालं, सुदैवाने पैसे वर्ग होण्याआधी लक्षात आलं. बटण डिसेबल करून पुरेल का?

सह्याद्री_थ्रेड्स

पुरणार नाही, दुसरा टॅब उघडला की बटण पुन्हा चालू. हे डेटाबेसमध्येच अडवा. बिलांच्या टेबलवर संस्था कोड आणि कालावधीची सुरुवात या दोन कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच जोडी दोनदा न येऊ देणारा नियम) घाला. बटण दाबताच आधी 'प्रलंबित' स्टेटसची ओळ 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' (आधीच असेल तर काही करू नको) लावून घाला. ओळ पडली तरच काम एक्झिक्युटरला द्या. पडली नाही तर आधीच्या बिलाचं स्टेटस दाखवा. रिक्वेस्ट तिथेच संपवा आणि पानाने दर पाच सेकंदांनी स्टेटस विचारावं, म्हणजे टॉमकॅटचे थ्रेडही मोकळे राहतील. रीस्टार्टनंतर 'प्रलंबित' ओळी वाचून ती कामं पुन्हा रांगेत टाकायचा कोड लिहिलात की सचिवांना फोन करायची वेळ येणार नाही. कन्स्ट्रेंट घालण्याआधी जुनी दुबार बिलं मात्र साफ करा, नाहीतर पोस्टग्रेस तो घालूच देणार नाही.