क्लॉक निम्मा केला तरी होल्ड स्लॅक −०.१५ वरच, असं का?

प्रश्न
एफपीजीएवरचं (आतलं सर्किट नंतर ठरवता येणारी चिप) डिझाइन आहे. १०० मेगाहर्ट्झला सेटअप (क्लॉकच्या एजआधी, म्हणजे तो बदलतो त्या क्षणाआधी, डेटा स्थिर असण्याची अट) फेल होत होता, म्हणून क्लॉक ५० वर आणला. सेटअप सुटला, पण एका पाथचा होल्ड (एजनंतर डेटा थोडा वेळ टिकण्याची अट) स्लॅक (शिल्लक सवड, उणे म्हणजे तूट) −०.१५ नॅनोसेकंदावरून हलायला तयार नाही. पाथ साधाच आहे: पहिल्या फ्लॉपचा (क्लॉकच्या एजला एक बिट साठवणारा घटक) क्यू (आउटपुट) थेट दुसऱ्याच्या डी-ला (इनपुट), मध्ये लॉजिक नाही. पहिला मुख्य क्लॉकवर, दुसरा काउंटरने ४ ने भागलेल्या क्लॉकवर.

उत्तर १
हलणारच नाही. सेटअपमध्ये डेटाला पुढच्या एजपर्यंत पोचायचं असतं, म्हणून पिरियड वाढवला की सवड मिळते. होल्डची तपासणी त्याच एजवर होते. त्या गणितात पिरियड येतच नाही:

क्लॉक-टू-क्यू + वायरिंग ≥ होल्ड + स्क्यू

(क्लॉक-टू-क्यू म्हणजे एजनंतर क्यू बदलायला लागणारा वेळ, स्क्यू म्हणजे दुसऱ्या फ्लॉपला क्लॉक जितका उशिरा पोचतो तो फरक.)

रिपोर्टमध्ये फास्ट कॉर्नरचे (चिप सर्वात वेगाने चालते त्या परिस्थितीचे) आकडे बघा. समजा क्लॉक-टू-क्यू ०.३५ आणि वायर ०.६०, म्हणजे डेटा ०.९५ नॅनोसेकंदाला पोचतो. भागलेला क्लॉक मात्र काउंटरच्या फ्लॉपमधून फिरून १.०० उशिरा येतो. होल्ड ०.१० धरला तर डेटा १.१० पर्यंत टिकायला हवा. तूट ०.१५. नवा डेटा आधीच येऊन बसतो आणि दुसरा फ्लॉप जुन्याऐवजी तोच उचलतो.

उत्तर २
खरा दोषी तो भागलेला क्लॉक. डेटा पाथमध्ये विलंबासाठी बफर कोंबू नका, सिंथेसिसमध्ये (कोडचं सर्किट बनवताना) टूल ते बहुतेक उडवूनच टाकतं. दोन्ही फ्लॉप मुख्य क्लॉकवर घ्या. काउंटरमधून दर ४ सायकलला एक सायकल रुंदीचा पल्स काढा आणि तो दुसऱ्या फ्लॉपच्या क्लॉक एनेबलला (ही पिन चालू असेल तेव्हाच फ्लॉप नवा डेटा घेतो) द्या. ग्लोबल नेटवर (चिपभर क्लॉक पोचवणारी खास वायर) स्क्यू इतका कमी असतो की होल्ड आपोआप बसतो.

एक सावधगिरी. याच एनेबलवरच्या दोन फ्लॉपमधल्या पाथना मल्टिसायकल (डेटा पोचायला एकाहून जास्त सायकल आहेत, ही टूलला सूचना) द्याल तेव्हा सेटअप ४ सोबत होल्ड ३ लिहायला विसरू नका. नाहीतर होल्डची तपासणी ३ सायकल पुढे सरकते आणि टूल तिथे ६० नॅनोसेकंदांचा विलंब मागत बसतं. तुमच्या या पाथला मात्र मल्टिसायकल लागू नाही, पहिला फ्लॉप दर सायकलला बदलतो.

प्रश्नकर्ता
एनेबल लावला, होल्ड सुटला. असिकमध्येही (ठराविक कामासाठीच बनवलेली चिप) हाच उपाय का?

उत्तर ३
भागलेल्या क्लॉकपुरता हो. उरलेले होल्ड क्लॉक ट्री (सगळ्या फ्लॉपना क्लॉक पोचवणारं जाळं) झाल्यावरच दुरुस्त करा, त्याआधी स्क्यू खरा नसतो. डिले सेल (विलंब वाढवणारा घटक) डेटा घेणाऱ्या फ्लॉपच्या डी-जवळ बसवा. क्यू-जवळ टाकलात तर त्या क्यू-वरून निघणाऱ्या बाकीच्या लांब पाथचा सेटअप उगाच बिघडतो. आणि मग स्लो कॉर्नरला सेटअप पुन्हा तपासा, तिथे तोच सेल जास्त विलंब देतो. स्कॅन चेन (चाचणीसाठी एकामागे एक जोडलेले फ्लॉप) दोन क्लॉक डोमेनमधून (वेगवेगळ्या क्लॉकवरचे भाग) जात असेल तर डिले सेलची रांग लावण्यापेक्षा सांध्यावर लॉक-अप लॅच घाला. डेटा अर्धा सायकल अडून राहतो.