अंगावरचं दूध बंद करायची गरज नाही

अर्धवेळ कामावर जायचं तर अंगावरचं दूध सोडवावंच लागेल का असं विचारलंयस ना, तर अजिबात नाही गं. मी चार-पाच तास बाहेर असायचे, निघायच्या अगदी आधी पाजायचं आणि घरी आल्यावर पर्स बाजूला टाकून आधी बाळाला घ्यायचं, मधे फक्त एकदा पंपाने दूध काढायचं. तो एकदाचा पंप चुकवू नकोस, दूध जितकं निघतं तितकंच बनतं, आणि छाती दाटून राहिली की हळूहळू कमी व्हायला लागतं (गाठी होतात त्या वेगळ्याच, फार दुखतं). काढलेलं दूध साधारण २५ डिग्रीपर्यंत ४ तास बाहेर टिकतं, फ्रिजमधे ४ दिवस. वर साईचा थर येतो, ते नासलेलं नसतं, मी पहिल्यांदा घाबरून आख्खी बाटली ओतून दिली होती आणि मग रडले. मायक्रोवेव्हमधे नको, कोमट पाण्यात बाटली धरून हलक्या हाताने फिरव. दिवसा बाळ बाटलीतून कमी प्यायलं आणि रात्री सारखं अंगावर मागायला लागलं तरी घाबरू नकोस, बरीच बाळं असं करतात.