लेगोचे बंद झालेले सेट: थांबायचं की काढायचं?

एडिसनकर
मंडळी, न्यू जर्सीतून विचारतोय. गुंतवणूक म्हणून घेतलेले लेगोचे सीलबंद सेट कपाटात आहेत. कंपनीच्या सेट क्रमांकासह यादी: १०२५५ असेंब्ली स्क्वेअर (इमारती) ३ नग (छापील २७९.९९ डॉलर, २० टक्के सवलतीत घेतलेले), २१३०९ सॅटर्न व्ही रॉकेट ४ नग, ७१०४० डिझ्नी कॅसल १ आणि ५१५१५ माइंडस्टॉर्म्स रोबोट इन्व्हेंटर २. चारही मॉडेल कंपनीने बंद केली आहेत. भाव अजून चढेल म्हणून थांबावं की आता काढावेत? सगळे एकदम की एकेक? ईबे बरं की ब्रिकलिंक (लेगोचा ऑनलाइन बाजार)? आणि पुण्याला नेऊन विकले तर जास्त मिळतील का? तिकडे हे सेट सहज मिळत नाहीत म्हणून डोक्यात आलं.

हिशेबनीस
खरेदीची किंमत बाजूला ठेवा. ती कर भरताना लागेल (पावत्या जपा, त्यावरचा सेल्स टॅक्सही खरेदीखर्चात धरा). विकायचं की नाही हे मात्र तिच्यावरून ठरत नाही. हा नग आज विकून हातात जे पैसे पडतील, ते वर्षभर दुसरीकडे ठेवले तर जितके वाढतील, त्याहून हे खोकं जास्त वाढणार आहे का, एवढंच बघायचं.

असेंब्ली स्क्वेअर घेऊ. समजा आज ४०० ला जातोय, पाठवणावळ तुमच्याकडे. ईबेची फी साधारण १३ टक्के, म्हणजे ५२. (खरं तर ती गिऱ्हाइकाने भरलेल्या सेल्स टॅक्ससकट एकूण रकमेवर लागते, त्यामुळे थोडी जास्तच जाते.) पाठवणावळ आणि पॅकिंगचे ३० धरा. हातात ३१८. घेतला २२४ ला, चार वर्षं सांभाळला असेल तर वर्षाला सुमारे ९ टक्के सुटले. चांगलंच आहे.

आता पुढच्या वर्षी तोच ४२० ला गेला असं धरा. हातात ३३५. म्हणजे ३१८ वर १७, साडेपाच टक्के. भाव चढताना दिसतो आणि माणूस खूश राहतो, पण जागा, विमा आणि जोखीम धरली तर हे पैसे खोक्यात अडकवण्यात राम नाही. वर्षाला ८ टक्के हवे असतील तर भाव ४२९ च्या वर जायला हवा. तो जाईल असं वाटण्याचं काही ठोस कारण असेल तर थांबा, नाहीतर काढा.

सेट बंद झाल्यावर पहिले काही महिने भाव सहसा हलत नाही, कारण तुमच्यासारख्या सगळ्यांनी साठवलेला माल त्याच वेळी बाजारात येतो. तो जिरला की चढ सुरू होतो आणि पुढे मंदावतो. सेट चढाच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते तारखेवरून नव्हे, मालावरून कळतं. ब्रिकलिंकच्या प्राइस गाइडमध्ये गेल्या सहा महिन्यांत खरोखर विकले गेलेले नग आणि आत्ता विक्रीला असलेले नग शेजारी शेजारी दिसतात. १८० नग विक्रीला आणि महिन्याला १२ खपतात, तर १५ महिन्यांचा माल पडून आहे, भाव चढायला जागा नाही. तोच आकडा चार-पाच महिन्यांवर आला की बाजार तुमच्या बाजूने फिरला. ईबेवर 'सोल्ड आयटम्स' (विकले गेलेले नग) हा फिल्टर लावूनच बघा. लोक मागतात ती किंमत म्हणजे नुसती आशा असते.

मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी १९८७ ते २०१५ मधले सेट तपासून वर्षाला किमान ११ टक्के परतावा काढला होता, तो आकडा या धंद्यात सगळे तोंडावर फेकतात. ती सरासरी आहे. तुमच्या कपाटात चारच मॉडेल आहेत.

विटांचा_वाडा
हिशेबनिसांच्या गणिताला +१, पण त्यात पुनरावृत्तीची, म्हणजे कंपनी बंद केलेला सेट पुन्हा काढण्याची जोखीम येत नाही. या बाजारात भाव एका दिवसात पडतो तो तिच्यामुळे.

सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या ताजमहालाचं. १०१८९ हा सेट २००८ चा, ५,९२२ तुकड्यांचा, २९९.९९ डॉलरला. बंद झाल्यावर छापील किमतीच्या कितीतरी पट भाव गेला. २०१७ मध्ये कंपनीने १०२५६ या नव्या क्रमांकाने तोच ताजमहाल ३६९.९९ ला दुकानात आणला, तुकडे ५,९२३. ज्याला ताज बांधायचा होता त्याने जुन्यासाठी हजारो का मोजावेत? त्याच वर्षी 'स्टार वॉर्स'मधल्या मिलेनियम फाल्कन यानाचंही तसंच झालं: २००७ चा १०१७९, त्यावर ७९९.९९ डॉलरचा ७,५४१ तुकड्यांचा ७५१९२. फरक एवढाच की हा नवीन रचनेचा होता, त्यामुळे जुन्या मॉडेलच्या संग्राहकांची मागणी काही प्रमाणात टिकली. हुबेहूब तोच सेट परत आला की तोही आधार जातो.

तुमच्या यादीत या नियमाने बघा.

सॅटर्न व्ही: २०१७ चा २१३०९, १,९६९ तुकडे, ११९.९९ डॉलर. २०२० मध्ये ९२१७६ म्हणून हुबेहूब परत आला. म्हणजे तुमच्या नगांची स्पर्धा दोन क्रमांकांच्या मालाशी आहे. ब्रिकलिंकवर माल मोजताना दोन्ही क्रमांक मिळवून मोजा, नुसत्या २१३०९ वर फसाल. जो सेट एकदा परत आणता आला तो पुन्हाही आणता येतो. चारातले तीन पुढच्या नाताळच्या हंगामात काढा.

डिझ्नी कॅसल: २०१६ चा ७१०४०, ४,०८० तुकडे, ३४९.९९. त्याचा उत्तराधिकारी ४३२२२ डिझ्नीच्या शंभरीला २०२३ मध्ये ४,८३७ तुकड्यांसह ३९९.९९ ला आला. रचना आणि रंग वेगळे, म्हणून जुन्याला अजून गिऱ्हाईक आहे, पण 'मला नुसता किल्ला हवाय' म्हणणारा नव्याकडे गेला. घाई नाही, पण अनेक वर्षं धरून बसण्याजोगाही नाही.

माइंडस्टॉर्म्स सगळ्यात आधी विका. ५१५१५ मध्ये किंमत विटांची नाही, हब (रोबोट चालवणारा छोटा संगणक) आणि ॲपची आहे. माइंडस्टॉर्म्स २०२२ अखेरीस बंद झालं आणि ॲपला आधार २०२४ अखेरपर्यंतच जाहीर केला होता. नव्या फोनवर ॲप चालेलच याची हमी कोण देणार? हबमधली लिथियम बॅटरी सीलबंद खोक्यातही हळूहळू उतरते आणि वर्षानुवर्षं पूर्ण रिकामी राहिली तर मरते. कंपनीच्या ॲपऐवजी पायब्रिक्स या सॉफ्टवेअरवर हब चालवणारे हौशी लोक आहेत, तेच तुमचं गिऱ्हाईक. वर्णनात 'पायब्रिक्स' शब्द घाला.

असेंब्ली स्क्वेअरला वेगळा न्याय. २००७ च्या कॅफे कॉर्नरपासून ही इमारतींची मालिका दरवर्षी साधारण एकाने वाढते आणि सगळ्या एकमेकींना जोडून रस्ता होतो. आज नवीन इमारत घेणाऱ्याला उद्या मागच्या हव्याशा वाटतात, म्हणून मागणी आपोआप तयार होत राहते. आधी एक विकून बघा, दोन ठेवा, आणि दर सहा महिन्यांनी हिशेबनिसांचं गणित पुन्हा मांडा.

पार्सलवाले_काका
वेळ: नोव्हेंबरच्या मध्यापासून १५ डिसेंबरपर्यंत. त्यानंतर नाताळाआधी पोचेल याची खात्री गिऱ्हाइकाला वाटत नाही. ऑक्टोबरअखेर यादी टाकून ठेवा. एकाच सेटचे चार नग एकाच वेळी टाकू नका, स्वतःच स्वतःचा भाव पाडाल. एक गेला की दुसरा.

ईबेला फी जास्त पण अधूनमधून भेटीसाठी घेणारं गिऱ्हाईक तिथेच. ब्रिकलिंकची फी ३ टक्क्यांच्या आसपास, वर पैसे घेण्याची फी वेगळी. तिथलं गिऱ्हाईक जाणकार, भाव घासून घेतं. कॅसलसारखं भेट म्हणून जाणारं ईबेवर, असेंब्ली स्क्वेअर दोन्हीकडे. महाग नग स्थानिक गटात रोखीने गेला तर फी आणि पाठवणावळ दोन्ही वाचतात, देवघेव पोलीस ठाण्याच्या आवारात करा.

पाठवणावळीत लोक फसतात. यूपीएस आणि फेडेक्स आकारमानाचं वजन धरतात: लांबी × रुंदी × उंची इंचात, भागिले १३९. २४ × २० × १० चं खोकं म्हणजे ४,८०० भागिले १३९, म्हणजे ३५ पौंडांचा दर, आत १२ पौंड असले तरी. म्हणून बाहेरचं खोकं सेटपेक्षा सर्व बाजूंनी दीड-दोन इंचच मोठं घ्या. कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे दुमडलेले तुकडे, मग बबल रॅप, पोकळी कागदाने गच्च. खोकं हलवल्यावर आत काही सरकलं नाही पाहिजे, कोपरे तिथेच दबतात. चिकटपट्टी लेगोच्या खोक्याला कधीही लागू द्यायची नाही.

पॅक करण्याआधी सहाही बाजूंचे आणि प्रत्येक सीलचे फोटो, तराजूवर वजन दिसेल असा फोटो. सील उघडून आतला माल बदलून 'मला असंच आलं' म्हणणारे असतात, तेव्हा हेच कामी येतं. ईबेवर ७५० डॉलर किंवा वर गेला तर सहीसह पोच घ्या, नाहीतर पार्सल मिळालंच नाही या तक्रारीत विक्रेत्याला संरक्षण मिळत नाही.

कोथरूडकर
पुण्याचं उत्तर: सोडून द्या. भारतात खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय विक्रीसाठीच्या खेळण्यांना २०२१ पासून आयएसआय चिन्ह लागतं. इथे सेट दुर्मीळ दिसतात ते यामुळे, मागणी तुंबली आहे म्हणून नव्हे. चार-पाचशे डॉलरचं खोकं घेणारे इथे मोजके, आणि ते घासाघीस करणारच.

एडिसनकर
सगळ्यांचे आभार. एक राहिलं: कॅसलच्या खोक्याचं एक सील एका टोकाला सुटलंय, बाकी शाबूत. आतल्या पिशव्या बंद असणार. हे 'सीलबंद' म्हणून टाकता येईल का? की मिकी, मिनी वगैरे पाच बाहुल्या सुट्या विकू?

पार्सलवाले_काका
सुटलेलं टोक पुन्हा चिकटवू नका, नवीन डिंक लगेच ओळखू येतो आणि मग सगळ्याच सीलवर संशय घेतात. सुटलेल्या टोकाचा जवळून फोटो यादीत दुसरा लावा, वर्णनात पहिल्या ओळीत लिहा. ब्रिकलिंकवर 'सील्ड' निवडू नका, 'कंप्लीट' निवडा. भाव थोडा कमी मिळेल, पण परत यायचा धोका राहणार नाही. आणि कपाट बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर हलवा, सील दमटपणाने सुटतात.

विटांचा_वाडा
बाहुल्या पटकन जातील, मग उरलेले चार हजार तुकडे कोण निवडत बसणार? अखंडच विका.