रोल पिनेचा पंच पिनेएवढा नको
भोकात घट्ट बसलेली रोल पिन (उभी चीर असलेली पोकळ पिन) ठोकून काढायला ‘६ मिमीच्या पिनेला ६ मिमीचाच पंच (ज्यावर हातोडा मारायचा तो पोलादी दांडा)’ असं एकाने सुचवलंय, ते पटलं नाही. पंच भोकातून सैल जायला हवा, म्हणून ५.५ मिमीचा घ्या, तोही टोकापर्यंत सारख्या जाडीचा. निमुळत्या पंचाने पिनेचं तोंड फाकतं आणि ती आणखी घट्ट बसते. तुटक्या ड्रिल बिटचा पंच तर नकोच, कपची उडते.

ठोकायच्या आधी टॉर्च मारून पिनेच्या पोटात बघा. आमच्या मिनी ट्रॅक्टरच्या पुढच्या शाफ्टला मोठ्या पिनेत दुसरी बारीक पिन होती. ग्रीस-मातीने ती दिसलीच नाही. अर्धा तास नुसती टणटण! आतली आधी काढली, मग बाहेरची चार ठोक्यांत आली.