आईच्या नऊवारीची गोधडी : सोसायटी ग्रुपवरचं चार दिवसांचं बोलणं

शुक्रवार, रात्री

बी-३०२ : सगळ्यांना नमस्कार. प्रश्न घरगुती आहे, ग्रुपवर विचारावा की नाही याचा दोन दिवस विचार करत होते. आईला जाऊन तीन वर्षं झाली. तिची एक सुती नऊवारी माझ्याकडे आहे. जांभळी, बारीक चौकडा, लाल काठ. दर दिवाळीला ट्रंकेतून काढते, उन्हाला लावते, कडुनिंबाचा पाला घालून परत ठेवते. यंदा पाहिलं तर घडीवर विरलीय. नेसण्यासारखी राहिली नाही आणि टाकवत तर नाहीच. थंडी पडलीय, गोधडी करावी असं मनात येतं, पण कात्री हातात घेतली की हात मागे येतो. तुम्ही काय केलं असतं?

ए-३०३ : मी नसती कापली. साडी साडीच राहू दे. माझ्या आजीची एक अशीच ठेवलीय. हात लावला तरी बरं वाटतं.

ए-५०३ : माझ्या माहितीत एक जण मशीनवर गोधड्या शिवून देतात. साड्या नेऊन द्यायच्या, एका दिवसात तयार.

बी-२०१ : मशीनवर जुनं कापड देऊ नका. टाका बारीक आणि घट्ट बसतो, विरलेलं कापड त्या भोकांच्या रेषेवरच फाटतं. माझ्या चुलत सासूबाईंची साडी अशीच गेली, पहिल्याच धुण्यात. हातच्या धावदोऱ्याला थोडी ढील असते, ओढ बसली तर कापड सरकतं, फाटत नाही.

सी-१०१ आजी : बाळा, नऊवारीला गोधडीसाठी कात्री लागतच नाही. आम्ही कधी लावली नाही. लुगडं पसरायचं, मधोमध घडी घालायची. परत एकदा मधोमध घडी. चार थर झाले. आता नुसता दोरा घालायचा राहिला.

बी-३०२ : खरंच? अजिबात न कापता?

ए-४०४ सर : आजींचं गणित चोख आहे. नऊ वार म्हणजे साधारण ८.२ मीटर. दोनदा घडी घातली की लांबी २.०५ मीटर. पन्हा १.१ मीटरच्या आसपास धरा. एका माणसाला गळ्यापासून पायापर्यंत पांघरायला बरोबर पुरतं. सहावारी असती तर ५.५ मीटरची एकच घडी, दोन थर. मग दोन साड्या लागल्या असत्या.

सी-१०१ आजी : आणि काठ आपोआप दोन्ही लांब बाजूंना येतो. वेगळी पट्टी लावावी लागत नाही. तुझ्या आईचा लाल काठ दोन्हीकडून दिसेल. दुसरी घडी घालताना एवढंच बघ की पदर बाहेरच्या थरावर आला पाहिजे, आत दडता कामा नये.

बी-३०२ : आजी, मला आत्ता बोलता येत नाहीये. उद्या लिहिते.

शनिवार

ए-१०२ : सुप्रभात. निफाडहून भावाचा फोन होता. पहाटे तीनपासून सगळे द्राक्षबागेत आहेत. ओळींमधून शेकोट्या पेटवल्यात, ठिबक सोडलंय. असा गारठा राहिला तर मणी तडकतात. आपण स्वेटर काढतो तेव्हा तिकडे रात्रीची झोप जाते. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा घसरल्याची बातमी आली की मी आधी भावाला फोन करते, मग पोरांच्या टोप्या शोधते.

बी-२०१ : बाग वाचू दे. भावाला सांगा, सगळे विचारतायत.

ए-३०३ : ३०२, रात्रभर तुमच्या साडीचाच विचार करत होते. काल मी ‘साडीच राहू दे’ म्हटलं ते आता पटत नाही. घडीवर विरतेय म्हणजे ट्रंकेत ठेवल्या ठेवल्याच संपतेय ना ती. आजीची साडी काढून बघितली. तिचीही तीच गत आहे, मला पत्ताच नव्हता.

बी-३०२ : हो. मलाही काल तेच जाणवलं. करायची. पण मला धावदोऱ्याशिवाय काही येत नाही, तोही शाळेत शिकवला होता तेवढाच.

सी-१०१ आजी : गोधडीला तेवढाच लागतो. चारचौघी बसल्या तर होऊन जातं. एकटीनं केलं तर महिना जाईल आणि कंटाळून ठेवून देशील. गच्चीवर या. अकरा ते एक ऊन अंगावर छान येतं, पाण्याच्या टाकीमागे वाराही लागत नाही.

सेक्रेटरी : गच्ची उघडून देतो. सतरंज्या क्लबहाउसमध्ये आहेत, वॉचमनकडून घ्या. एकच विनंती, शेकोटी करू नका. गेल्या हिवाळ्यात वॉटरप्रूफिंगचा थर भाजला आणि पावसाळ्यात ए-विंगच्या वरच्या दोन घरांत गळती झाली.

सी-१०१ आजी : शेकोटी नको, ऊन पुरे. आणायचं काय ते लिहून घ्या. मोठ्या नेढ्याची लांब सुई, बारीक सुई चार थरांत वाकते. जाड सुती दोरा, मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्यायचा म्हणजे गुंता होत नाही. अंगुस्तान, नाहीतर मधलं बोट दुसऱ्या दिवशी भाकरी थापायच्या कामाचं राहत नाही. साडी आज नुसत्या पाण्यातून काढ, पिळू नकोस. खळ असेल ती निघू दे. खळीच्या कापडात सुई शिरत नाही.

बी-५०१ : माझा आठवीतला मुलगा येऊ का विचारतोय. त्याला सुई चालवायची आहे.

सी-१०१ आजी : येऊ दे की. आमच्या गावी गोधड्यांची पहिली घडी पुरुषच धरायचे, हात लांब लागतात.

ए-५०३ : आजी, चार थरांत उबदार होईल का? बाजारात जाड जाड ब्लँकेटं मिळतात.

ए-४०४ सर : ऊब थरांच्या मध्ये अडकलेल्या हवेची असते. धावदोरा थर एकमेकांना धरतो, पण दोन टाक्यांमधलं कापड थोडं फुगलेलं राहतं आणि त्या फुग्यात हवा साठते. जुनं सुती कापड मऊ पडलेलं असतं म्हणून अंगाला लागून बसतं, मध्ये वारा शिरत नाही. थंडी फारच वाढली तर दोन गोधड्या एकावर एक घ्या. एका जाड पांघरुणापेक्षा ते बरं.

रविवार

बी-३०२ : [फोटो] साडी पसरली. सरांनी आणि ५०१ च्या चिरंजीवांनी घडी धरली. मी काही केलं नाही, नुसती बघत होते. आईची साडी एवढी लांब असते हे मला माहीतच नव्हतं. नेसलेलीच बघितली होती कायम.

सी-६०२ : घडी घालताना बघून मला माझं घर आठवलं. आमच्या बंगालमध्ये याला काँथा म्हणतात. आजी जुन्या साडीच्या काठातून रंगीत दोरा उसवून काढायची आणि त्याच दोऱ्यानं शिवायची. तिकडे आता खजुराच्या नव्या गुळाचे दिवस आहेत. पुढच्या वेळी आईनं पाठवला तर सगळ्यांना देईन.

बी-२०१ : तुमचा टाका किती बारीक आहे हो! आमचे तांदळाएवढे, तुमचे तिळाएवढे.

ए-३०३ : आज जे झालं ते लिहून ठेवते, पुढच्या वेळी कामाला येईल. आधी लांब लांब कच्चे टाके घालून थर एकमेकांना धरले. मग कडेपासून आत, चौकोनात. दोन फेऱ्यांमध्ये बोटभर अंतर. चौघींनी चार बाजूंनी सुरुवात केली. सुईवर एका वेळी चार टाके घ्यायचे आणि मग ओढायचं. काठावर सुई जड जाते, तिथे दोन दोनच घ्यायचे. दुपारी एकपर्यंत पाच फेरे झाले. मग मधे कापड जमायला लागलं, पोळी फुगावी तसं. आजींनी सगळ्यांना थांबवलं, दोन बाजूंचा पाचवा फेरा उसवायला लावला, तळहातानं कापड मधून कडेकडे सारलं आणि कच्चे टाके परत जवळ जवळ घातले. उसवताना वाईट वाटलं, पण आता एकदम सपाट बसलीय.

सी-६०२ : आमच्याकडे काही बायका मधून बाहेर शिवत जातात, त्यात कापड जमत नाही.

सी-१०१ आजी : तेही बरोबर. पण आम्ही कडेपासूनच आत जातो. मधला चौकोन शेवटी राहिला पाहिजे. ते गोधडीचं पोट. माझ्या सासूबाई त्यात भाकरीचा एक तुकडा ठेवायच्या आणि मग शेवटचा टाका घालायच्या. पांघरणारा उपाशी झोपू नये म्हणून.

ए-४०४ सर : सकाळी मोजलं. बोटभर म्हणजे दोन सेंटिमीटर अंतर धरलं तर एकूण २७ फेरे आणि जवळजवळ ११० मीटर धावदोरा. चौकोनात शिवा की सरळ ओळींत, लांबी तेवढीच येते. आपल्या बिल्डिंगच्या उंचीच्या कितीतरी पट दोरा एका पांघरुणात जातो. मी सत्तरीचा झालो, आयुष्यभर गोधडीतच झोपलो, हे कधी मोजलं नव्हतं.

बी-२०१ : जेवणाचं राहिलंच. ए-१०२ वहिनींनी बाजरीच्या भाकरी आणि लोणी आणलं होतं, मी भरीत. हिरवी वांगी जळगावहून आली होती. तिकडे पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात, मी गॅसवर भाजली, तेवढा वास कमी पडला. कच्चं तेल, लसूण, हिरवी मिरची, कांद्याची पात. उन्हात बसून गरम भाकरी हातावर घेऊन खाल्ली, ताट कुणी मागितलंच नाही.

ए-१०२ : आणि भाऊ म्हणतो, आजची रात्र निघाली. मणी शाबूत आहेत.

बुधवार

बी-५०१ : मुलगा शाळेतून आला की दप्तर टाकून गच्चीवर पळतोय. मोबाइल खालीच विसरतो. काल त्याचा टाका वाकडा गेला म्हणून रडवेला झाला होता, ३०२ नं तो उसवू दिला नाही.

बी-३०२ : नाही उसवायचा. तो वाकडा टाका मला ओळखता आला पाहिजे. कुठला फेरा कोणाचा ते मी बघत असते. ६०२ चे तिळाएवढे, २०१ वहिनींचे तांदळाएवढे, आजींचे न बघता घातलेले तरी एकसारखे. आई सगळ्यांना जेवायला घालून मग बसायची. तिच्या साडीभोवती एवढी माणसं बसलीयत हे तिला आवडलं असतं.

ए-३०३ : आमच्या आजीची सहावारी आहे, एकच. दोन थर होतील. बहिणीला फेब्रुवारीत बाळ होणार आहे. बाळाचं दुपटं होईल का आजी?

सी-१०१ आजी : दुपट्याला दोन थरच हवेत, तान्ह्याला जड नको. सुती आहे ना? रेशमी, नायलॉन काही मध्ये घालू नकोस. दोन जातींची कापडं धुतल्यावर सारखी आटत नाहीत, गोळा होतो. ही झाली की तुझी घेऊ.

ए-५०३ : मीसुद्धा येऊ का रविवारी? शिवता येत नाही. चहा करेन. गवती चहा आणि आलं आहे घरी.

सी-१०१ आजी : चहा करायला नको, शिवायलाच ये. सुईत दोरा ओवून द्यायला तरी ये, माझी नजर कमी पडते.

बी-३०२ : आजी, एक विचारायचं होतं. पदराचं टोक अजून शिवायचं ठेवलंय. तिथे एका जागी कापड चुरगळलेलं आहे, मूठभर. धुतलं तरी गेलं नाही. तिथे आई कपाटाच्या किल्ल्या बांधायची, गाठ मारून. सगळी वर्षं त्याच जागी. ओलं करून इस्त्री फिरवू का? नाहीतर टाका सरळ जाणार नाही.

सी-१०१ आजी : इस्त्री फिरवू नकोस. तेवढी जागा सोडून दे, दोरा भोवतीनं वळव. तिथे आत किल्ल्या नसल्या तरी गाठ आहेच.

बी-३०२ : बरं.

बी-२०१ : लाल दोरा संपत आलाय. तीन फेरे राहिलेत.

सी-६०२ : माझ्याकडे एक रीळ आहे, लाल. उद्या अकरा वाजता घेऊन येते.